घराण्यातलं दुखणं लपवू नका

(दहावी १९९६ तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, मोलगी येथे केलेले भाषण)



आठवीत सरांनी आपल्याला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा चावत बसायला लावलं होतं, आठवतं? थोड्या वेळाने भाकर गोड लागली. "ही लाळेतल्या विकराची करामत," सर म्हणाले. विकर म्हणजे एन्झाइम. पुढे मी इंजिनिअर झाले आणि विकर विसरले. माझे वडील पोटाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा तो शब्द परत भेटला.

वडिलांना वर्षभर जळजळ व्हायची. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, वजन उतरत होतं. आम्ही पित्ताच्या गोळ्या आणत राहिलो. दुर्बिणीची तपासणी झाली तेव्हा उशीर झाला होता. मग आत्या म्हणाली, "तुझे आजोबाही असेच गेले, पोटात गोळा होता." एवढी वर्षं कुणी बोललं नव्हतं. दहाव्याला एका नातेवाइकांनी बजावलं, "बाहेर सांगू नका, घरात लग्नाच्या मुली आहेत."

मी वाचायला बसले, डॉक्टरांना विचारत गेले. जे समजलं ते सांगते.

आपल्याकडे सिकलसेल सगळ्यांना माहीत आहे. एकाच जनुकातला बदल आई-वडील दोघांकडून आला की तो आजार होतो. पोटाच्या कॅन्सरचं गणित सहसा इतकं सरळ नसतं. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यानपिढ्या हा कॅन्सर होत होता. १९९८ मध्ये त्यामागचं एकच जनुक सापडलं. पण अशी कुटुंबं थोडी.

बहुतेक ठिकाणी सुरुवात एका जंतूपासून होते, हेलिकोबॅक्टर पायलोरी. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन दाखवला की जठराला दाह होतो. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना नोबेल मिळालं. हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात पसरतो. तो आला की शरीर कॉक्स-२ नावाचं विकर तयार करतं. त्यातून दाह वाढवणारी द्रव्यं बनतात. जखम भरायला ती हवीतच. पण जंतू तीस-चाळीस वर्षं ठाण मांडून बसला, तर दाहही विझत नाही. पेशी वाढत राहतात, मरायच्या वेळी मरत नाहीत. दाहातली दुसरी विकरं अशी रसायनं सोडतात की पेशींच्या डीएनएलाच इजा होते.

ही विकरं आणि दाहाचे निरोप देणारी प्रथिनं कोणाच्या शरीरात किती बनायची, यात जनुकांतल्या बारीक फरकांचा वाटा असतो. २००० साली 'नेचर'मध्ये अशा एका जनुकाचा आणि पोटाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला गेला. नंतरच्या अभ्यासांत सगळीकडे सारखे निष्कर्ष आले नाहीत. म्हणजे हा वारसा धोका थोडा कमी-जास्त करतो, निकाल लावत नाही. माझ्या धंद्यातलं सांगायचं तर, प्रोग्राममध्ये ओळ लिहिलेली असली तरी कुणी बोलावल्याशिवाय ती चालत नाही. इथे बोलावणारा बहुतेकदा जंतू असतो. तंबाखू आणि फार खारट खाणं त्याला साथ देतात.

आणि जंतू घालवता येतो. मी आणि भावाने तपासणी केली. दोघांतही तो निघाला. चौदा दिवस गोळ्या घेतल्या, नंतर पुन्हा तपासून तो गेल्याची खात्री केली. धोका शून्य झाला नाही, पण कमी झाला. ज्यांना हा जंतू असतो त्यांतल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, म्हणून घाबरू नका. मात्र अंगदुखीच्या गोळ्या मनाने खाऊ नका. त्या कॉक्स-२ अडवतात, पण त्यातल्या बऱ्याचशा जठराच्या अस्तराला जपणारं विकरही अडवतात.

एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आजी-आजोबा, काका-आत्या कशाने गेले ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. दोघं-तिघं पोटाच्या दुखण्याने गेले असतील, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. वजन उतरणं, काळी शौच, अन्न न जाणं हे पित्त म्हणून सोडून देऊ नका.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही हे सगळं मुलाकडच्यांना सांगितलं. लग्न झालं. लपवल्यामुळे आमच्या घरातला एक माणूस गेला. सांगितल्यामुळे काहीच गेलं नाही.