नाव जगासाठी, पत्ता घरासाठी
(नभोवाणीवरील भाषण)

बडोद्यात विश्वामित्री ओलांडून पश्चिमेस गेले की अकोटा लागते. आज ती शहराचीच एक वस्ती आहे. पण बाराशे वर्षांपूर्वी ‘अंकोट्टक’ हे चौऱ्याऐंशी गावांचे ठाणे होते आणि बडोदे त्यांतील एक गाव. राष्ट्रकूट कर्कराजाने इ. स. 812 मध्ये ते गाव भानू नावाच्या ब्राह्मणास दान दिले. त्या ताम्रपटात भानूचे नाव, त्याच्या पित्याचे नाव व गावाच्या चतुःसीमा कोरल्या आहेत. उद्या हक्काचा वाद निघाला तर पुरावा हवा, हा त्यातील हेतू. मात्र असे पट दान घेणाऱ्याच्या घरी राहत. येणाऱ्याजाणाऱ्याने ते चाळावेत, अशी काही सोय नव्हती.

संगणकाच्या जालावरही नावांची नोंद होते. अकोट्यातील एखादी गृहिणी घरी फराळाचे जिन्नस करून विकते, असे समजा. तिला जालावर दुकान मांडावयाचे, तर एक ‘डोमेन’ म्हणजे स्वतंत्र नाव घ्यावे लागते. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने मिळते, म्हणजे खरेदीपेक्षा भाडेपट्टाच म्हणा. नोंदणी करताना नाव, पत्ता, दूरध्वनी व ई-मेल द्यावा लागतो. तिचे दुकान म्हणजे तिचे घर, हे येथे विसरता कामा नये.

ही माहिती उघडी ठेवण्याची प्रथा जुनी आहे. 1982 साली अमेरिकेतील अर्पानेट या जालाच्या वापरकर्त्यांची सूची पाहण्याची ‘हूइज’ नावाची रीत एका टिपणात नमूद झाली. त्या टिपणाचा क्रमांकही, योगायोग असा, 812 होता! त्या वेळी जालावर संशोधक व सरकारी मंडळी होती. बिघाड झाला तर कोणास हाक मारावी हे कळणे सर्वांच्याच सोयीचे होते. पुढे तेथे बाजार भरला, तरी वही उघडीच राहिली. परिणामी नवे नाव नोंदवताच संकेतस्थळ बांधून देणाऱ्यांचे दूरध्वनी खणखणू लागत, मुदत संपल्याची खोटी बिले घरी येत, आणि कोणा लेखिकेवर रागावलेल्या माणसास तिचे दारही सापडे. यांतील शेवटची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते.

25 मे 2018 रोजी युरोपातील माहिती-संरक्षणाचा कायदा अंमलात आला आणि आंतरराष्ट्रीय नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन संस्थेस नियम बदलावे लागले. आता ‘डॉट कॉम’सारख्या नावांच्या नोंदीत सामान्यतः राज्य आणि देश दिसतात, घरचा पत्ता झाकलेला असतो. ‘हूइज’ची जागाही 2025 पासून ‘आरडॅप’ या नव्या पद्धतीने घेतली आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला.

तथापि हयगय नको. काही कंपन्या स्वतःचा पत्ता पुढे करून ग्राहकाचा झाकतात. ही सेवा पुष्कळदा विनामूल्य असते. ती घेतली आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच पाहावे. ‘डॉट इन’ नावांना मात्र अशा प्रतिनिधीची मुभा नाही. ‘संस्था’ या रकान्यात लिहिलेले जगास दिसू शकते, म्हणून तेथे सहज म्हणून स्वतःचे नाव भरू नये.

येथे काहीजण दुसऱ्या टोकास जातात आणि खोटाच पत्ता देतात. ती फसवणूक शेवटी स्वतःचीच होते. आंतरराष्ट्रीय नावांसाठी ई-मेलची खातरजमा पंधरा दिवसांत न झाल्यास नाव स्थगित होऊ शकते. नूतनीकरणाची सूचनाही त्याच ई-मेलवर येते. नाव चोरीस गेले, तर मालकी सिद्ध करावयास खरीच नोंद लागते. तेव्हा कंपनीस खरे सांगावे, जगास दाखवू नये, आणि या कामासाठी वेगळा पण रोज पाहिला जाणारा ई-मेल ठेवावा.

जुन्या नोंदींच्या प्रती जमवून त्या विकणारेही धंदे आहेत. त्यामुळे पत्ता एक दिवस जरी उघडा राहिला, तरी नंतर पडदा ओढून तो परत मिळत नाही. ती सोय पहिल्याच अर्जाच्या वेळी करावयाची असते.