तुटीच्या वर्षाचा नियम



एखाद्या गावात एकी दिसली की आपण म्हणतो, तिथली माणसं चांगली. पतसंस्था बुडाली की म्हणतो, संचालक लबाड. हे निदान सोयीचं असतं, कारण त्यानंतर काही करावं लागत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. एकमेकांवर विश्वास आहे म्हणून माणसं नियम पाळतात, असं क्वचितच घडतं. नियम सगळ्यांना सारखा लागतो आहे हे रोज दिसू लागलं की विश्वास मागाहून येतो. यासाठी धुळे-नाशिक पट्ट्यातल्या फड पद्धतीकडे पाहू. पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर छोटे बंधारे घालून, त्यांतून पाट काढून शेकडो वर्षं तिथली शेती भिजत आली. पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडलेले असत. एका हंगामात एका फडात एकच पीक, आणि पुढे त्यांची फेरपालट. शेताला पाणी शेतकरी स्वतः घेत नसे. ते पाटकरी देई. राखणीला जागल्या असे. या दोघांचा मोबदला शेतकरीच देत, आणि हंगामाआधी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी हात लावायचा असे.

या मांडणीतलं शहाणपण शांतपणे पाहण्यासारखं आहे. अख्ख्या फडात एकच पीक, म्हणजे प्रत्येक वावराची पाण्याची गरज जवळपास सारखी. कुणी जास्त पाणी ओढलं तर बांधावरून जाणाऱ्यालाही कळणार. पाळत ठेवायला वेगळी यंत्रणा लागत नाही. पण खरी कसोटी लागते ती पाणी कमी असलेल्या वर्षी. तेव्हा पंच ठरवत की यंदा अमुक फडाला पाणी नाही. असा निर्णय एरवी डोकी फोडायला पुरेसा आहे. तो निभावला जाई, कारण शेतकऱ्याची जमीन साधारणपणे वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असे. निर्णय देणाऱ्या पंचाचंही वावर कोरडं राही. तोटा वाटून घेण्याची तजवीज जमिनीच्या आखणीतच केलेली होती. विश्वास ठेवा, असं कुणी कुणाला सांगण्याची गरज उरली नव्हती.

याच्या उलट, पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडलं होतं की सामायिक कुरण शेवटी उजाडच होतं, कारण प्रत्येकाला एक जनावर जास्त चारण्याचा मोह होतो. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरची उदाहरणं घेऊन दाखवलं की तसं होणं अटळ नाही. त्यांतलंच एक म्हणजे स्पेनमधलं वेलेन्सिया. तिथे पाण्याचे तंटे सोडवायला शेतकऱ्यांनीच निवडलेले न्यायाधीश आजही दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी बसतात. सुनावणी तोंडी आणि सर्वांसमोर. ऑस्ट्रम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या गटांत त्यांना आढळलं ते असं: नियम पाळणाऱ्यांनीच केलेले, देखरेख आपल्यातल्यांची, आणि शिक्षा आधी सौम्य, मग चढती.

कुणी म्हणेल, ही सगळी जुन्या भावकीची पुण्याई. नियम नुसते नावाला. मग पुरंदर तालुक्यातलं नायगाव पाहा. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. भावकी तिथे आधीही होती, पाणीवाटप नव्हतं. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचं, माणशी अर्धा एकर, ऊस लावायचा नाही, भूमिहीनालाही वाटा. असा नियम कोणत्याही परंपरेत नव्हता, तो बसून ठरवावा लागला.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो उडवून लावता येत नाही. घट्ट विणलेला गट माणसाला गुदमरवतोही. जातपंचायतीकडेही नियम असतात, पंच असतात, पाळत असते. फड पद्धतीचे गोडवे गाताना ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याच्या वाट्याला काय आलं, हेही विचारायला हवं. फरक कुठे पडतो? पाण्याचा नियम पाण्यापुरता असतो. जातपंचायतीचा नियम लग्न, जेवण, अंत्ययात्रा सगळ्यांत शिरतो, आणि तिची शिक्षा म्हणजे माणसाला वाळीत टाकणं. म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. गटाच्या नियमांवर राज्याचा कायदा हवाच. मात्र राज्यानेही गटाच्या हातातली सूत्रं सहज काढून घेऊ नयेत. फड पट्ट्यातल्या नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, पाणी कधी सोडायचं हे दुसरीकडे ठरू लागलं, विहिरी वाढल्या, आणि बऱ्याच फडांची घडी विस्कटली. माणसं तीच होती.

आज पदवी घेऊन तुमच्यापैकी कुणी सहकारी संस्थेत जाईल, कुणी शेतकरी उत्पादक कंपनी काढेल, आणि बहुतेक जण कुठल्यातरी गृहनिर्माण सोसायटीचे सभासद होतील. तिथले उपविधी वाचा. टंचाई आली तर आधी कुणाचा वाटा कापणार आणि पदाधिकाऱ्यांचे हिशेब कोण तपासणार, या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांत सापडली नाहीत तर पहिल्याच सर्वसाधारण सभेत विषय मांडा, आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.