कायद्याचे न वाचलेले पान

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अभ्यासवर्गात वक्त्याने आपल्याला चांगले ठाऊक असलेले सांगावे, असा प्रघात आहे. आज मी तो मोडणार आहे. जे मला फार उशिरा कळले, आणि तेही केवळ वाचनामुळे कळले, त्याविषयी मी बोलणार आहे.

१८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपणा सर्वांना माहीत आहे. पारध्यांच्या पालावर पोलीस आले की आपण त्या कायद्याची आठवण देतो. मीही या जिल्ह्यात त्यावर अनेकदा बोललो आहे. परंतु त्या कायद्याला दुसरा भाग होता आणि तो हिजड्यांविषयी होता, हे मला ठाऊक नव्हते. मुले पळवण्याचा किंवा तत्सम गुन्ह्यांचा संशय ज्यांच्यावर असेल, अशा हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद त्यात होती. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे, सार्वजनिक ठिकाणी नाचणे-गाणे हा गुन्हा होता आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. तिला मृत्युपत्र करता येत नव्हते, मूल दत्तक घेता येत नव्हते. जेसिका हिंची या अभ्यासिकेचे या विषयावरील पुस्तक २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तरेतील प्रांतात हा भाग राबवणाऱ्या अधिकाऱ्यांचा हेतू हा समाज हळूहळू नाहीसा व्हावा असाच होता, हे त्यांनी सरकारी दप्तरांच्या आधारे मांडले आहे.

हे इंग्रजी मुलखातले झाले, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याने फसली १३२९ मध्ये, म्हणजे १९१९ च्या सुमारास, याच धर्तीचा स्वतंत्र कायदा केला. हैदराबाद शहरात व सरकार ठरवील त्या अन्य ठिकाणी हिजड्यांची नोंद करावी आणि स्त्रीवेषात आढळल्यास वॉरंटाशिवाय पकडावे, असे त्यात म्हटले होते. मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, स्वामी रामानंद तीर्थांनी शाळेत मुले घडवली. त्या लढ्याचा वारसा आपण अभिमानाने सांगतो. निजामी राजवटीचे जुलूम आपण तोंडपाठ केले, पण त्या यादीत हा कायदा कधी आला नाही. संस्थान १९४८ मध्ये मुक्त झाले. तेलंगणात मात्र हा कायदा घटनाबाह्य ठरायला २०२३ साल उजाडले. तोही तेथील उच्च न्यायालयाने ठरवला, विधिमंडळाने नव्हे.

आता आपल्या घरातले बोलू. मोर्च्यात आपण सरकारला षंढ म्हणतो. काम न करणाऱ्या अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करतो. मीही केला आहे, आणि टाळ्या मिळवल्या आहेत. त्यात स्त्रियांचा अपमान आहे, हे आपल्या भगिनींनी आपल्याला सांगितले. पण आणखी एका समाजाचे अस्तित्वच आपण शिवी म्हणून वापरतो आहोत, हे सांगायला त्या समाजातील कोणी आपल्या सभेत नव्हते. आजही या सभागृहात कोणी नाही.

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन २०१२ मध्ये मराठीत आले. शब्दांकन वैशाली रोडे यांचे. ठाण्यातील बालपण, शाळेतली टवाळी, लहान वयात सोसलेले अत्याचार, नृत्याने दिलेला आधार आणि आईवडिलांनी न सोडलेला हात यांची ती हकिगत आहे. ती वाचताना मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवला. आम्ही त्याच्या चालण्याची नक्कल करीत असू. सातवीनंतर तो शाळेत आला नाही; कोणी विचारलेही नाही. मीही नाही.

एका पुस्तकावरून साऱ्या समाजाविषयी मत बनवू नये, हेही सांगितले पाहिजे. लक्ष्मी यांच्या किन्नर आखाड्याची वाट वेगळी आहे, दिशा पिंकी शेख यांच्या कवितेची वाट वेगळी आहे. या समाजातही जात आहे, वर्ग आहे, मतभेद आहेत. २०११ च्या जनगणनेत प्रथमच ‘इतर’ असा रकाना आला आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची त्यात नोंद झाली. इतकी माणसे एकाच मताची असतील, अशी अपेक्षा आपण दुसऱ्या कोणत्या समाजाकडून करतो?

आपल्याच माजलगाव तालुक्यातील राजेगावचे ललित साळवे बीडच्या पोलीस दलात महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. २०१७ मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, ती नाकारली गेली. त्यांनी न्यायालयाचे दार ठोठावले, आणि २०१८ मध्ये शासनाची परवानगी मिळून ते पुरुष शिपाई म्हणून नोकरीत राहिले. ही हिजडा परंपरेतली कहाणी नव्हे. परंतु मी कोण, हे मी सांगायचे की भरतीच्या कागदाने, हा प्रश्न तोच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी त्याचे उत्तर व्यक्तीच्या बाजूने दिले होते. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांचा ग्रामपंचायतीचा अर्ज फेटाळला गेला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२१ मध्ये त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढवू दिली. त्या निवडूनही आल्या. गावकऱ्यांनी जे स्वीकारले, ते स्वीकारायला आपली शाखा का कचरते?

वाचनाने क्रांती होत नाही, हे मला मान्य आहे. पण न वाचल्यामुळे आपण कोणाच्या बाजूला उभे होतो, ते मी आज सांगितले. म्हणून तीन गोष्टी सुचवतो. षंढपणाची व बांगड्यांची भाषा आपल्या मोर्च्यांतून आजपासून बंद व्हावी. तालुक्याच्या प्रत्येक अभ्यासवर्गात १८७१ चा कायदा दोन्ही भागांसह शिकवला जावा. आणि शिधापत्रिका, शाळेचा दाखला, पोलीस ठाणे या कामांसाठी या समाजातील कोणी आले, तर कार्यकर्त्याने इतर कोणाबरोबर जातो तसे त्यांच्याबरोबर जावे.

पुढच्या वर्गात या विषयावर मी बोलू नये. ज्यांचा हा विषय आहे, त्यांना आपण बोलवावे आणि मी खाली तुमच्यात बसून ऐकावे, एवढी विनंती करून थांबतो.