दोनशे खोट्या जमिनी

मंडळी, मे महिन्यातलं व्याख्यान आहे, तेव्हा पाण्यापासूनच सुरुवात करतो. बोअर घ्यायची ठरली की कुणी पाणाड्याला बोलावतं. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून शेतभर हिंडतो; नारळ उभा राहिला की तिथे खूण. कुणी ‘मशीन लावून’ पाणी बघतं. मशीन म्हणजे चार खुंट्या, बॅटरी आणि मीटर. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोहोंमधलं व्होल्टेज मोजायचं. बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेल्या की वीज खोल उतरते. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी 1912 मध्ये याच विद्येचा श्रीगणेशा केला.

हाती येतो एक आलेख, आणि खरी पंचाईत तिथे सुरू होते. वरखाली घट्ट पाषाण आणि मध्ये पातळ ओलसर थर असेल, तर आलेखातून त्या थराची जाडी आणि रोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा, यांचं गुणोत्तर तेवढं कळतं. 20 ओहम-मीटरचा 5 मीटर जाड थर आणि 40 ओहम-मीटरचा 10 मीटर जाड थर, दोघांचे आलेख जवळपास सारखेच. शेतकरी विचारतो, ‘किती फुटाला लागेल?’ उमेदवारीच्या काळात मी खूण केलेली एक बोअर कोरडी गेली. मालक काही बोलले नाहीत. चहा दिला. त्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

तेल शोधणाऱ्यांचं दुखणं हेच, फक्त खर्च कैक पटींनी जास्त. ते जमिनीत कंपनं सोडतात, परत येणारे प्रतिध्वनी टिपतात आणि त्यांतून भूगर्भाचं चित्र उभं करतात. त्या चित्रात थर कुठे तुटले आहेत, म्हणजे भ्रंश कुठे आहे, हे तज्ज्ञ डोळ्यांनी बघून रेघा मारत ठरवतात. 2007 मध्ये क्लेअर बाँड आणि सहकाऱ्यांनी एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर बनवलेलं एकच चित्र त्यांनी 412 जाणकारांपुढे ठेवलं. चित्र बनावट, त्यामुळे उत्तर आधीच माहीत. बरोबर निघाले 21 टक्के. (एवढ्या गुणांवर आपल्याकडे दहावीही सुटत नाही.)

आता भ्रंश ओळखायला यंत्राला, म्हणजे संगणकाला, शिकवायचं, तर धडे कुणाच्या वहीतून द्यायचे? याच तज्ज्ञांच्या? त्यांच्या चुकाही ते इमानेइतबारे गिरवेल. 2019 मध्ये शिनमिंग वू आणि सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. त्यांनी संगणकात खोट्या जमिनी घडवल्या. आधी सपाट थर रचले, मग त्यांना घड्या घातल्या, मग हवे तिथे तोडले, कंपनांचं चित्र तयार केलं आणि वर खऱ्यासारखा गोंगाट मिसळला. अशी प्रत्येक जमीन म्हणजे एक ठोकळा, 128 बिंदू लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. असे 200 ठोकळे, बस्स! तोडणारे आपणच असल्यामुळे कोणता बिंदू भ्रंशावर आहे हे नेमकं ठाऊक. शिकणारं जाळं, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारी संगणकातली रचना, होतं यू-नेट, मूळचं 2015 चं, सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी ओळखण्यासाठी केलेलं.

यात एक गंमत आहे. अशा चित्रात नव्वद टक्क्यांहून जास्त बिंदूंवर भ्रंश नसतोच. म्हणजे ‘कुठेच भ्रंश नाही’ असं ठोकून देणाऱ्या आळशी यंत्रालाही नव्वदच्या वर गुण! म्हणून भ्रंश चुकवला तर जबर दंड, असा हिशेब ठेवावा लागतो. त्यानंतर या जाळ्याला नेदरलँड्सच्या उत्तर समुद्रातली एफ-थ्री भागाची खरी माहिती दाखवली. खोट्या जमिनीवर शिकलेल्या जाळ्याने खऱ्या जमिनीतले भ्रंश लख्ख दाखवले. मला हे आजही थोडं अद्भुत वाटतं.

पण उत्तर समुद्राच्या तळाशी गाळाचे थर आहेत, वहीच्या पानांसारखे एकावर एक. आपल्या पायाखाली थिजलेला लाव्हा, म्हणजे बेसाल्ट आहे. किल्लारीच्या बोअरमध्ये त्याची जाडी 338 मीटर भरली. कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल गेलेल्या बोअरला 1,247 मीटरपर्यंत बेसाल्टच लागला, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस. लाव्ह्याचे थर म्हणजे एक घट्ट, एक सच्छिद्र, मध्येच लाल मातीचा पट्टा. कंपनं प्रत्येक सांध्यावर विखुरतात, खालचं चित्र धूसर होतं. गाळावर शिकलेलं जाळं इथे लावलं तरी ते रंगीत, ठसठशीत उत्तर देणारच. ‘मला माहीत नाही’ हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तशी युक्ती आहे: एकाऐवजी दहा जाळी वेगवेगळी शिकवायची आणि कुठे त्यांचं एकमत होत नाही ते बघायचं. मी तर रंगीत नकाशाआधी तो मतभेदाचा नकाशा मागतो. अर्थात दहाही जाळी त्याच गाळात वाढलेली असली तर दहाही एकमुखाने चुकू शकतात. आपल्याला आपल्या खोट्या जमिनी घडवायला हव्यात, लाव्ह्याच्या. आणि त्यांत कोणता थर किती जाड घ्यायचा, ते सांगायला खऱ्या बोअरच हव्यात.

कोयनेसारख्या बोअर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेतातल्या मात्र गावोगाव आहेत. तेव्हा प्रश्नोत्तरांआधी माझाच एक प्रश्न. ज्यांच्या बोअर फेल गेल्या, त्यांच्यापैकी कुणी कितव्या फुटाला मुरूम संपला, कुठे काळा पाषाण लागला, कुठे लाल माती वर आली, हे लिहून ठेवलं आहे का? वहीत, कॅलेंडरच्या मागे, कुठेही. असेल तर जाताना मला भेटा. या वेळी चहा माझ्याकडून.