सायुरीचं खातं

गोल्डन यांची ‘मेमॉयर्स ऑफ अ गेशा’ ही कादंबरी वाचलेल्यांना त्यातलं काय आठवतं असं विचारलं, तर कुणी सायुरीचे करडे डोळे सांगतं, कुणी किमोनो, कुणी २००५च्या सिनेमातला बर्फातला नाच. मला आठवतं ते गेशांचं घर चालवणाऱ्या ‘मदर’चं हिशेबाचं काम.

कोळ्याची पोर चियो क्योतोच्या गिओन भागातल्या ओकियात, म्हणजे गेशांच्या घरात, विकली जाते. थोरली बहीण सात्सू तर थेट वेश्यावस्तीत. त्या दिवसापासून चियोच्या नावावर खर्च चढत जातो. तिला विकत घेतल्याची रक्कम, शिकवणी, खाणंपिणं, सगळं. घरातली वरचढ गेशा हात्सुमोमो तिच्याच हातून आपल्या प्रतिस्पर्धी गेशेच्या, मामेहाच्या, भारी किमोनोवर शाईचे फराटे मारून घेते; भरपाई चियोच्या खात्यावर. पळून जाताना छपरावरून पडते, हात मोडतो. डॉक्टरचं बिलही तिथेच. विकलं तिला आणि देणेकरीही तीच!

पुढे गेशा होताना चियोची सायुरी होते. तिला शिकवायला घेताना मामेहा मदरशी सौदा करते: विसाव्या वर्षापर्यंत पोरीचं कर्ज फिटलं तर मला दुप्पट द्या, नाहीतर निम्म्यावर भागवीन. मग येतो ‘मिझुआगे’. सायुरीचं कौमार्य बोलीवर चढतं आणि ११,५०० येनला एक डॉक्टर ते घेतो. त्याच्याजवळ एक पेटी आहे. तिच्यात आजवर घेतलेल्या मुलींच्या रक्ताच्या कुप्या नीट लावून ठेवलेल्या. ती पेटी तो सायुरीला कौतुकानं दाखवतो. आपल्याकडच्या कोठ्यांवरची नथ उतरवण्याची चाल आठवल्यावाचून राहत नाही. गोल्डन इथं आवाज चढवत नाहीत, म्हणूनच ते पान अंगावर येतं.

पण मग लेखकाचा धीर सुटला असावा. रडणाऱ्या पोरीला एक सभ्य गृहस्थ रुमाल देतो, बर्फ खायला नाणं देतो, आणि उरलेलं आयुष्य ती त्या ‘चेअरमन’साठी जगते. दुसऱ्या महायुद्धात तिला आसरा मिळवून देतो तो नोबू. एक हात गेलेला, चेहरा भाजलेला, जिभेचा तिखट. माझा जीव त्याच्यातच अडकला. त्याला दूर सारण्यासाठी सायुरी जे करते, ते मला आजही पटलेलं नाही. इतका वेळ येनचा हिशेब ठेवणारी कादंबरी अचानक परीकथा होते.

आता पुस्तकाबाहेरची गोष्ट. गोल्डन हार्वर्डमध्ये जपानी कला शिकलेले अमेरिकन. कादंबरीला त्यांनी एका प्राध्यापकाची खोटी प्रस्तावना जोडली, त्यामुळे १९९७ साली कितीतरी जणांना हे खरंच आत्मचरित्र वाटलं. माहिती मिळाली होती गिओनच्या नामांकित गेशा मिनेको इवासाकी यांच्याकडून. आपलं नाव गुप्त राहील असं ठरलं होतं, असं त्यांचं म्हणणं; ते ऋणनिर्देशात छापलं गेलं. त्यांनी २००१ साली न्यूयॉर्कमध्ये दावा लावला, २००३ साली न्यायालयाबाहेर तडजोड झाली. मधल्या काळात त्यांनी स्वतःचं आत्मचरित्र आणलं. माझं कौमार्य कधी लिलावात निघालं नाही, असं त्या ठासून सांगत. त्यांचा जन्म १९४९चा. सायुरीची कथा त्याआधीच्या गिओनमध्ये सुरू होते. तेव्हा एकीचं खरं मानलं म्हणून दुसरीचं खोटं ठरवायची घाई मला नाही. मात्र ज्या बाईच्या बोलण्यावर हे सगळं उभं राहिलं, तिलाच आपलं येणं वसूल करायला कोर्टाची पायरी चढावी लागली, हे मला खुपतं.

ज्यांना हिशेब बिनसाखरेचा हवा, त्यांनी मासुदा सायो यांचं आत्मकथन शोधावं. ते १९५७चं आहे. बाई बाराव्या वर्षी सुवा इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी गेशांच्या घरात विकल्या गेल्या. शाळा पाहिली नव्हती, म्हणून सगळं साध्या हिरागाना लिपीत लिहिलं. त्यात गिओनचा झगमगाट नाही. आणि कुणी चेअरमनही येत नाही.