हातचं सोडून पळत्याच्या पाठी? बेसबॉलच्या हिवाळी बाजाराचं गणित

आज बेसबॉल. थांबा, लगेच स्किप करू नका. नियम माहीत नसले तरी चालेल, कारण आज आपण मैदानावर जाणारच नाहीये.

अमेरिकेत वर्ल्ड सिरीज संपते साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला आणि पुढच्या सीझनचा सराव सुरू होतो फेब्रुवारीत. मधल्या काळात मेजर लीगची एकही मॅच नसते, तरी फॅन्स फोन हातातून सोडत नाहीत. कारण हा ट्रेडचा सीझन.

ट्रेड आपल्याला नवीन नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्समधून परत मुंबई इंडियन्सकडे आला, तेव्हा व्हॉट्सअॅप ग्रुप्सवर काय रणकंदन झालं होतं आठवतंय ना? तो सौदा पैशांत झाला. बेसबॉलमध्ये मात्र बहुतेक वेळा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू जातो. आणि त्यात बरेचदा असतात 'प्रॉस्पेक्ट', म्हणजे खालच्या लीगमध्ये तयार होत असलेली, एकोणीस-वीस-बावीस वर्षांची पोरं. त्यातल्या बऱ्याच जणांनी मेजर लीगचं मैदान खेळाडू म्हणून पाहिलेलंही नसतं.

सिद्ध झालेला स्टार द्यायचा आणि अशी पोरं घ्यायची. आपली आजी म्हणेल, हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? मग कोट्यवधी डॉलर सांभाळणारे लोक हे का करतात?

उत्तर आहे 'कंट्रोल'. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की साधारण सहा वर्षं त्याच्यावर क्लबचा हक्क असतो. त्यातली पहिली तीन वर्षं पगार किमान रकमेच्या आसपास. २०२५ मध्ये ही किमान रक्कम होती ७ लाख ६० हजार डॉलर. पुढची तीन वर्षं पगार लवादाच्या पद्धतीने वाढतो, आणि मग खेळाडू मोकळा, हवं तिथे जायला. म्हणजे ट्रेडमध्ये नुसता माणूस मिळत नाही, त्याची उरलेली वर्षं मिळतात. स्टारचं एक वर्ष की पोराची सहा वर्षं? खरा सौदा हा असतो.

आता आपल्या सगळ्यात आवडत्या उदाहरणाकडे येऊ. डिसेंबर २०२३. सॅन डिएगो पाद्रेसने हुआन सोटो न्यू यॉर्क यांकीजला दिला. सोटो त्या वेळी पंचवीस वर्षांचा, जगातल्या सर्वोत्तम बॅटर्सपैकी एक. पण कंट्रोलचं एकच वर्ष शिल्लक, आणि त्या वर्षाचा पगार ३ कोटी १० लाख डॉलर. पाद्रेसला पगाराचा बोजा कमी करायचा होता, आणि पिचर हवे होते. त्यांनी सोटोसोबत ट्रेंट ग्रिशमही दिला आणि बदल्यात पाच जण घेतले. त्यात मायकल किंग होता आणि ड्रू थॉर्प नावाचा एक पिचिंग प्रॉस्पेक्ट.

पुढे काय झालं बघा. सोटोने २०२४ मध्ये ४१ होमरन मारले. क्लीव्हलँडविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये त्याने मारलेल्या होमरनमुळे यांकीज २००९ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजमध्ये पोचले. तिथे डॉजर्सकडून हरले, आणि डिसेंबरमध्ये सोटो शेजारच्या मेट्सकडे निघून गेला. १५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर.

मग यांकीज फसले का? अजिबात नाही. त्यांना एक वर्ष हवं होतं, एक वर्ष मिळालं, आणि ते वर्ष त्यांना फायनलपर्यंत घेऊन गेलं.

आणि पाद्रेस? किंगने २०१ बॅटर्सना स्ट्राइकआउट केलं. थॉर्पला तर त्यांनी मार्च २०२४ मध्येच, इतरांसोबत, शिकागो व्हाइट सॉक्सकडे पाठवलं आणि डिलन सीज हा पिचर आणला. सीजने त्याच जुलैमध्ये नो-हिटर टाकली, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्या टीमला एकही हिट दिली नाही. पाद्रेसच्या इतिहासातली ती फक्त दुसरी. प्रॉस्पेक्टला वाढवता येतं, तसं चलनासारखं वापरताही येतं.

त्यामुळे 'ट्रेड कोण जिंकलं?' हा प्रश्नच अर्धवट आहे. आधी विचारायचं, कोणाला काय हवं होतं?

आता दुसरा भाग, प्रॉस्पेक्टची पारख. स्काउट २० ते ८० च्या स्केलवर मार्क देतात. ५० म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू, ८० म्हणजे दुर्मीळ. बॅटरसाठी पाच गोष्टी बघतात: फटका जुळणं, ताकद, पळणं, फील्डिंग, थ्रो. पण सगळ्यात आधी वय बघा. डबल-ए लेव्हलला एकोणीस वर्षांचा पोरगा बरा खेळतोय आणि चोवीस वर्षांचा तितकंच खेळतोय, तर पहिल्याची किंमत कितीतरी जास्त. आणि पिचर असेल तर खांदा-कोपराची भीती कायम धरून चालायची.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे माझ्या डोक्यात प्रॉस्पेक्ट म्हणजे एक आकडा नसतो, एक रेंज असते. वरचं टोक स्टार, खालचं टोक शून्य.

पुरावा हवा? एकच क्लब, व्हाइट सॉक्स. एकच वर्ष, २०१६. डिसेंबरमध्ये त्यांनी ख्रिस सेल बोस्टन रेड सॉक्सला देऊन चार प्रॉस्पेक्ट घेतले. त्यात योआन मोंकाडा होता, तेव्हा बेसबॉलच्या अगदी वरच्या प्रॉस्पेक्ट्समध्ये गणला जाणारा. २०१९ ला तो मस्त खेळला, पण नंतर दुखापती, चढउतार. आणि बोस्टन २०१८ मध्ये चॅम्पियन, शेवटचा बॅटर आउट केला सेलने.

त्याच वर्षी जूनमध्ये याच व्हाइट सॉक्सने जेम्स शील्ड्स या अनुभवी पिचरसाठी एक सतरा वर्षांचा पोरगा देऊन टाकला होता. त्याचं नाव फर्नांडो ताटिस ज्युनियर. २०२१ मध्ये त्याने ४२ होमरन मारले, आणि त्याआधीच पाद्रेसने त्याला १४ वर्षांचा, ३४ कोटी डॉलरचा करार दिला होता. गाजलेला पोरगा अडखळला, फारसा कोणाला माहीत नसलेला आभाळाला भिडला.

म्हणून काही पारख खोटी ठरत नाही. ट्रेड चांगला की वाईट, हे त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर ठरवायचं. निकाल नंतर लागतो, आणि निकालात नशीबही असतं.

पण एक गोष्ट या सगळ्या आकड्यांत हरवते. तो थॉर्प आठवतोय? तीन-साडेतीन महिन्यांत दोनदा त्याचं गाव बदललं. तो पोचला त्या व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ मॅचेस हरल्या. २०२५ मध्ये त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं. सोटोच्या सौद्याचा हिशोब मांडताना आपण त्याला 'चलन' म्हणून पुढे जातो. आत्ता मीही तेच म्हणालो. आणि नियम असा, की मेजर लीगमध्ये दहा वर्षं, त्यातली शेवटची पाच एकाच क्लबकडे, एवढी झाल्याशिवाय किंवा करारात तसं लिहून घेतल्याशिवाय खेळाडूला ट्रेड नाकारताच येत नाही. प्रॉस्पेक्टला तर कोणी विचारतसुद्धा नाही.

तर पुढच्या हिवाळ्यात ट्रेडची बातमी आली की तीन गोष्टी बघा. किती वर्षं गेली आणि किती आली? कोणाला आत्ता जिंकायचंय आणि कोणाला नंतर? आणि यादीतल्या शेवटच्या, अनोळखी नावाचं वय काय? ते नाव लिहून ठेवा. पाच वर्षांनी बघा त्या पोराचं काय झालं.

तुम्हाला आयपीएलमधला कोणता ट्रेड असा तपासून बघावासा वाटतो, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!