मुलाचे माप शेजाऱ्यावरून घेऊ नये
(समा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या निमित्ताने आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. आरोग्यावर बोलावयाचे म्हणजे रोगांवर बोलावयाचे, असा आपल्याकडे प्रघात पडला आहे. मी आज रोगांकडे वळणार नाही. धडधाकट माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत वाढतो कसा, आणि ती वाढ ठीक चालली आहे हे घरच्यांनी कशावरून ओळखावे, एवढाच माझा विषय आहे.

आपल्या घरांतून मुलाची वाढ मोजण्याची रीत एकच. शेजारचा मुलगा! त्यांचा दहाव्या महिन्यात चालू लागला, आमचा अजून धरून उभा राहतो, म्हणून आई काळजीत पडते. आजी म्हणते, ह्याचा बापही उशिराच चालला होता. दोघींच्याही बोलण्यात तथ्य असू शकेल. पण ते माप नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात निरनिराळ्या देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण केले. त्यांत आपल्या दिल्लीचीही मुले होती. आधाराशिवाय चालण्याचे वय सव्वाआठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले. म्हणजे निरोगी मुलांतच नऊ महिन्यांचे अंतर! तेव्हा दहाव्या महिन्यात न चालणाऱ्या मुलाच्या आईने झोप घालविण्याचे कारण नाही. पण अठरावा महिना उलटला तर मात्र आजीच्या शब्दावर विसंबून राहू नये.

या कामी आपल्या बडोद्याने देशाला मोठी देणगी दिलेली आहे, आणि गंमत अशी की ती बडोदेकरांनाच फारशी ठाऊक नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झाले. श्रीमती हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. या विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत बालविकासाचा अभ्यास सुरू झाला, आणि तेथेच डॉ. प्रमिला फाटक यांनी तान्ह्या मुलांच्या वाढीची मापे ठरविण्याचे काम हाती घेतले. तोवर आपल्याकडे अमेरिकेतील नॅन्सी बेली यांच्या कसोट्यांचा आधार घेतला जाई. कसोट्या उत्तमच; पण अमेरिकेतील मूल कोणत्या महिन्यात काय करते, यावरून मांडवीतल्या मुलाचा निकाल कसा लावावयाचा? फाटकबाईंनी त्या कसोट्या बडोद्याच्या मुलांवर लावून पाहिल्या आणि इथल्या मुलांची वये ठरविली. पुढे त्यांतून भारतीय बालकांसाठी जी मोठी श्रेणी सिद्ध झाली, तीत हालचालींच्या ६७ आणि बुद्धीच्या १६३ कसोट्या आहेत. मान धरणे, आवाजाकडे वळणे, चिमटीने वस्तू उचलणे, लपविलेली वस्तू शोधणे, अशा साध्यासुध्या गोष्टी. १९९१ साली त्यांतल्या ५४ निवडून लहानशी चाचणी करण्यात आली, आणि त्याच वर्षी त्रिवेंद्रमच्या डॉक्टरांनी बडोद्याच्याच मापांवरून अवघ्या १७ कसोट्यांचा तक्ता बनविला. केरळातील बाळ वेळेवर बसते की नाही, हे अशा रीतीने बडोद्याच्या बाळांवरून पाहिले जाऊ लागले!

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. मूल आवाजाकडे वळत नसेल, तर ते शांत स्वभावाचे आहे असे म्हणून आपण कौतुक करतो. वास्तविक त्याला ऐकूच येत नसेल. पहिल्या वर्षात ते लक्षात आले तर यंत्र लावून, शिकवून ते बोलते होऊ शकते; चौथ्या वर्षी आले तर भाषा शिकण्याचा ऐन काळ निघून गेलेला असतो. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी जन्मतः मंद असेल तर वेळ याहूनही थोडा. तेथे आठवड्यांचा हिशेब असतो, आणि औषध म्हणजे रोजची एक लहानशी गोळी.

आता उंची-वजनाकडे येऊ. बाळ जन्मते तेव्हा सुमारे ५० सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात ते २५ सेंटिमीटर वाढते, दुसऱ्यात त्याच्या निम्मे, आणि मग शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा. म्हणून एकदा उंची मोजून काहीच कळत नाही. दर सहा महिन्यांनी मोजावी आणि वेग पाहावा. अठराव्या शतकात फ्रान्समधील मोंबेयार नावाच्या एका सरदाराने आपल्या मुलाची उंची जन्मापासून अठरा वर्षे मोजून ठेविली. १७५९ ते १७७७ पर्यंतची ती नोंद शास्त्रज्ञ आजही काढून पाहतात. आपण हिशेबाच्या वह्या पिढ्यान् पिढ्या जपणारे लोक. मुलाच्या उंचीला त्यात एक पान द्यावयास काय हरकत आहे?

माझा खरा आग्रह मुलींविषयी आहे. मुलगी मुलापेक्षा साधारण दोन वर्षे आधी झपाट्याने वाढू लागते. त्या वयात तिची भूक वाढते. आणि नेमक्या त्याच वयात दुधाचा पेला भावाकडे सरकतो. पाळी सुरू झाल्यावर तिची उंची थोडेच सेंटिमीटर वाढावयाची उरते. जे राहिले ते राहिले.

आणि ते तिच्यापुरते राहत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास मांडला. त्या मुलांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. दंड बारीक, पोट लहान; पण पाठीवर चिमटीत येणारी चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसावयास काटकुळे आणि आतून चरबीचे, असे हे आपले बाळ. मोठेपणी आपल्याकडे कमी वजनावरही मधुमेह का होतो, याचा एक धागा येथे सापडतो. ज्या आया हिरवी पालेभाजी, फळे, दूध अधिक घेत, त्यांची बाळे थोडी मोठी आढळली. पुढे मुंबईत प्रयोग झाला. गर्भधारणेच्या निदान तीन महिने आधीपासून पालेभाजी, फळे व दूध घातलेला पदार्थ ज्यांना मिळाला, त्यांच्या बाळांच्या वजनात थोडी भर दिसली. पण अगदी कृश स्त्रियांत ती दिसली नाही. डोहाळजेवणाच्या ताटाने बारा वर्षांची उपासमार भरून निघत नाही, असाच याचा अर्थ मी घेतो.

प्रौढांविषयी थोडक्यात सांगतो. हाडांची शिल्लक तिशीच्या सुमारास पुरी होते. त्यानंतर खर्चच चालू. चाळिशीनंतर उंचीही हळूहळू उतरते. स्नायूंचे मात्र तसे नाही; सत्तरीतही ते व्यायामाने बळावतात. प्रोफेसर माणिकराव आणि जुम्मादादा व्यायाममंदिर यांच्या गावात हे मी सांगावे असे नाही. ज्येष्ठांनी रोज पाच-दहा वेळा हात न टेकता खुर्चीवरून उठावे, एवढे पुरे. गुडघे दुखत असतील त्यांनी आधी वैद्यांना विचारावे.

विश्वस्तांना एक विनंती करतो. या सभागृहाच्या भिंतीवर उंचीची एक पक्की पट्टी ठोकावी. तिचे शून्य फरशीला टेकलेले असावे. शेजारी एक चांगला वजनकाटा ठेवावा. दोन वर्षांच्या आतील मुलांची लांबी निजवून घ्यावी लागते, त्यासाठी फळी सुतार करून देईल. मोजताना चपला काढाव्यात, टाचा भिंतीला लागाव्यात, नजर समोर असावी, आणि मुलींचे अंबाडे सोडावेत. आकड्यापुढे तारीख घालावी. दर सहा महिन्यांनी एक रविवार यासाठी ठरला, तर वहीत लिहावयास मी येत जाईन.